मैल विसर, तास मोज

न्यूअर्क ते सॅन फ्रान्सिस्को, हवाई अंतर २,५६५ मैल. किलोमीटरमध्ये ४,१००च्या पुढे. एकदा वाच आणि सोडून दे, कारण या आकड्याने तुझं तिकीट ठरणार नाही आणि माझ्याकडे पोचायची वेळही ठरणार नाही. एवढंच ध्यानात ठेव की आपला अख्खा भारत उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत ३,२१४ किलोमीटर भरतो, आणि तू ‘आत्याकडे जरा दोन दिवस जाऊन येते’ म्हणतेस ते त्याहून लांब आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं आणि रविवारी परत फिरायचं हा बेत मनातून काढून टाक. पुण्याहून मुंबईला जाऊन येण्याची सवय इथे चालत नाही.

मी या देशात नवी होते तेव्हा आमच्या आधी आलेल्या एका काकूंनी सांगितलं होतं, ‘इथे कुणी किती लांब विचारलं तर मैल सांगायचे नाहीत, तास सांगायचे. आणि तास घराच्या दारापासून दुसऱ्या घराच्या दारापर्यंतचे.’ त्यांचं सांगणं मी माझी भर घालून तुला देते आहे. तू पुढे कुणाला देशील तेव्हा तुझी भर घाल.

आता हिशेब बघ. माझ्या घरून, म्हणजे एडिसनहून, न्यूअर्कचा विमानतळ वीस मैलांवर. अर्धा-पाऊण तास धर. विमानाच्या दोन तास आधी तिथे हजर. विमान सव्वासहा तास. उतरून बॅग हातात येईपर्यंत पाऊण तास आणि तिथून सॅन होजेपर्यंत १०१ नंबरच्या रस्त्याने आणखी पाऊण तास, संध्याकाळी निघालीस तर सव्वा. म्हणजे साडेदहा तास सहज गेले. पण तुझं घड्याळ आमच्यापेक्षा तीन तास मागे, त्यामुळे मी सकाळी सातला निघाले तर तुझ्या घड्याळात दुपारी अडीचला तुझ्या दारात. परवडलं!

उलट दिशेने मात्र दिवस जातो. तू पहाटे साडेपाचला घर सोडून आठचं विमान धरलंस तर प्रवास होईल साडेनऊ तासांचा, पण माझ्या दारात पोचशील संध्याकाळी सहाला. घड्याळात साडेबारा तास गेले. पूर्वेकडे येताना हवेतला वेळ कमी असतो आणि तरी दिवस खर्ची पडतो. पश्चिमेकडे जाताना हवेत जास्त वेळ, पण अर्धा दिवस हातात उरतो. म्हणून कामाची मुलाखत किंवा कुणाचं लग्न पूर्वेला असेल तर आदल्या दिवशी पोच. पश्चिमेला असेल आणि कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर त्याच दिवशी निघालीस तरी बहुतेक वेळा निभावेल.

अंतर तेच, मग जाताना सव्वासहा तास आणि येताना साडेपाच का, हे तू विचारणारच. कारण वारा. विमानं उडतात त्या नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानतज्ज्ञाने १९२०च्या दशकात आकाशात फुगे सोडून हा वारा मोजला होता, पण अहवाल छापला एस्परांतो भाषेत, त्यामुळे बाहेरच्या जगात तो फारसा कुणी वाचलाच नाही. (चांगलं काम लोकांना न कळेल अशा भाषेत लिहिलं की काय होतं त्याचं हे उदाहरण.) १८ फेब्रुवारी २०१९ रोजी लॉस एंजेलिसहून लंडनला निघालेलं एक प्रवासी विमान पेनसिल्व्हेनियावरून जाताना जमिनीच्या हिशेबाने ताशी ८०१ मैल वेगाने गेलं. एरवी साडेपाचशेच्या आसपास धावणारं विमान! इंजिनाने काही वेगळं केलं नव्हतं, पाठीशी वारा होता इतकंच. त्या दिवशी समोरून येणाऱ्या विमानांचे काय हाल झाले असतील त्याचा अंदाज कर.

वाऱ्यापुढे अंतराला किंमत नाही याचा माझा आवडता दाखला आपल्याकडचाच आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान २०१५च्या डिसेंबरात सुरू झालं, तेव्हा ते अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. २०१६च्या ऑक्टोबरात त्यांनी त्याला उलटं फिरवलं आणि पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, पण वारा पाठीशी राहिला आणि साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. चौदाशे किलोमीटर जास्त जाऊनसुद्धा! म्हणून तुला सांगते, नकाशावर बोट ठेवून वेळ काढू नकोस.

तिकिटावर छापलेल्या वेळेबद्दलही एक सांगते. ती नुसती हवेतली वेळ नसते. गेटवरून विमान मागे सरकलं तेव्हापासून दुसऱ्या गेटला लागलं तोवरची असते. त्यात धावपट्टीवरची रांग धरलेली असते, वर थोडी सूट ठेवलेली असते. इथल्या सरकारी हिशेबात छापील वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरतात आणि कंपन्यांची हजेरी त्यावर लागते. मग कोणती कंपनी घट्ट वेळ छापेल? स्वयंपाकाला अर्धा तास लागणार असला की आपण पाहुण्यांना पाऊण तास सांगतो, तसंच हे. त्यामुळे ‘वीस मिनिटं लवकर उतरतोय’ असं पायलटने सांगितलं म्हणून लगेच मला फोन करू नकोस. बरेचदा गेट रिकामं नसतं आणि ती वीस मिनिटं जमिनीवर उभं राहण्यात जातात.

आता तिकीट काढताना. पैसे वाचतात म्हणून लोक शिकागोमार्गे जातात. गंमत अशी की न्यूअर्क ते शिकागो ७१९ मैल आणि शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को १,८४६. बेरीज कर. थेट अंतराइतकीच भरते, शिकागो अगदी सरळ वाटेवर आहे. मैल जवळजवळ एकही वाढत नाही, पण तास तीन वाढतात, कारण एकदा उतरायचं, थांबायचं, पुन्हा चढायचं. त्या तीन तासांची किंमत तूच ठरव. तू तरुण आहेस, शंभर-दीडशे डॉलर वाचत असतील तर जा खुशाल. मी जात नाही.

थांबा घ्यायचाच असेल तर ऋतू बघून घे. डिसेंबर ते मार्च शिकागोला बर्फ असतं, विमानाच्या पंखांवर औषध फवारून बर्फ काढण्यात वेळ जातो, म्हणून तेव्हा डॅलस किंवा ह्यूस्टन बरं. उन्हाळ्यात नेमकं उलट. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा इथे दुपारनंतर गडगडाटी ढग जमतात, तेव्हा थांबा सकाळचा घे. आणि दोन विमानं वेगवेगळ्या तिकिटांवर कधीच जोडू नकोस. एकाच तिकिटावर असतील तर पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर असतं. वेगळ्या तिकिटांवर ते तुझ्या अंगावर.

सगळेच सांगतात, पहिलं विमान धर, कारण ते आदल्या रात्रीच येऊन उभं असतं आणि दिवसभरात साठत जाणारा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही. खरं आहे, पण तुझ्याकडे येताना मी उन्हाळ्यात ते मानत नाही. कारण सॅन फ्रान्सिस्कोचं धुकं. तिथल्या दोन समांतर धावपट्ट्यांमध्ये फक्त ७५० फुटांचं अंतर आहे. स्वच्छ हवेत पायलटांना एकमेकांची विमानं दिसतात, त्यामुळे दोन विमानं जोडीने उतरवण्याची तिथली जुनी रीत. उन्हाळ्यात समुद्रावरून ढगांचा थर सकाळी आत सरकला की जोडी जमत नाही, एकामागून एक उतरवावी लागतात आणि तासाला उतरणारी विमानं जवळजवळ निम्म्यावर येतात. मग उरलेल्यांना हवेत घिरट्या घालत ठेवण्यापेक्षा जिथून निघायची तिथेच धरून ठेवतात. म्हणून न्यूअर्कला स्वच्छ ऊन पडलेलं असतं, सगळे पट्टे बांधून बसलेले असतात आणि पायलट सांगतो, अजून एक तास थांबायचंय. शेजारचा माणूस खिडकीतून निळं आकाश बघून चिडतो. तू चिडू नकोस, तुला कारण ठाऊक आहे. दुपारपर्यंत ढग बहुतेक विरतात. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेला जाताना नऊ-दहाला निघून तिथल्या एकच्या सुमाराला उतरणारं विमान मी घेते. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०२४ला सॅन होजेत जूनअखेरीस होतं, नेमके धुक्याचे दिवस. इकडे येताना मात्र डोळे मिटून पहिलं विमान धर, कारण न्यूअर्कचा उशीर दुपारनंतर, वळिवाच्या ढगांबरोबर वाढत जातो.

रात्री साडेदहाला निघून सकाळी सातला पोचवणारी विमानं स्वस्त दिसतात. पाच-साडेपाच तासांच्या प्रवासात चढणं-उतरणं वजा केलं तर झोप चार तासांची, तीही मान वाकडी करून. तुझ्या वयाला ठीक आहे. तुझ्या आईबाबांना त्यात बसवू नकोस.

विमानतळ निवडतानाही डोळे उघडे ठेव. तुझ्याकडे तीन आहेत, सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड. सॅन होजेचा घराजवळ असला तरी लांबची थेट विमानं तिथून कमी. आमच्याकडेही तीन: न्यूअर्क, केनेडी आणि लाग्वार्डिया. तिकिटाच्या शोधात ‘न्यूयॉर्क’ टाकलंस की तिन्ही एकत्र येतात आणि स्वस्तातलं बघून लोक केनेडीचं घेतात. केनेडीहून एडिसनला यायचं म्हणजे आख्खं न्यूयॉर्क ओलांडायचं, दोन तास कुठे गेले कळत नाही, शिवाय पुलांचे टोल. केनेडीला उतरून न्यूअर्कहून दुसरं विमान, असा जोड संगणकाने सुचवला तर त्याला नमस्कार कर. आणि लाग्वार्डियाहून कॅलिफोर्नियाचं थेट विमान रोज का नसतं म्हणून शोधत बसू नकोस. तिथे १५०० मैलांपलीकडे थेट उडायला नियमानेच मनाई आहे, सूट फक्त शनिवारी आणि डेन्व्हरला. अंतराने वेळ ठरत नाही म्हणाले खरी, पण विमानतळ ठरतो तो असा.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. त्यानंतरच्या रविवारी प्रवास करायचा नाही म्हणजे नाही. १ डिसेंबर २०२४ हा असाच रविवार होता. त्या एका दिवसात देशभरच्या सिक्युरिटीतून ३० लाखांहून जास्त माणसं गेली. त्यापेक्षा गुरुवारी सकाळी ये, तेव्हा विमानतळ बऱ्यापैकी शांत असतो. परत सोमवारी किंवा मंगळवारी जा.

पैशाचं पटकन सांगून टाकते. विमान सुटायला सात दिवस किंवा जास्त असताना काढलेलं तिकीट चोवीस तासांच्या आत फुकट रद्द करता येतं, म्हणून चांगला दर दिसला की आधी काढ आणि मग नवऱ्याला विचार. कंपनीने विमान रद्द केलं किंवा देशातल्या प्रवासात तीन तासांहून जास्त उशीर केला आणि तुला जायचं नसेल तर पैसे परत मागायचा तुझा हक्क आहे. पुढच्या प्रवासाचं कुपन देऊ केलं तर गोड बोलून नाही म्हण.

आता डबा. कोरडं सगळं चालतं: चिवडा, शंकरपाळे, दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मोदकसुद्धा. ओघळणारं, पसरणारं, चमच्याने काढावं लागणारं जे काही असेल ते सिक्युरिटीवाल्यांच्या लेखी द्रवच, आणि १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीतलं ते हातातल्या बॅगेतून जात नाही. श्रीखंड यात आलं. तूप आलं. लोणच्याची बरणी तर नक्कीच. त्यांनी ती उघडून वास घेतला तरी तुझी होत नाही. हे सगळं मोठ्या बॅगेत टाक. लोणचं दोन पिशव्यांत गुंडाळून, साड्यांपासून दूर. आणि चिवड्याची पिशवी घट्ट बांधू नकोस. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते, म्हणजे तू कळसूबाईच्या शिखराहून उंच बसून चहा पीत असतेस. पिशवी फुगून टरटरते, फुटली तर शेजाऱ्याच्या मांडीवर चिवडा. विमानातली हवा कोरडीही असते, तिने घसा सुकतो, पाणी मागत राहा.

आईबाबा पुण्याहून येतील तेव्हाचा हिशेब वेगळा. मुंबई–न्यूअर्क थेट विमान साधारण पंधरा-सोळा तासांचं, पण त्याआधी पुण्याहून मुंबईचा रस्ता आणि तीन तास आधी हजेरी धरली तर घर ते घर एक पूर्ण दिवस आणि वर दोन तास. न्यूअर्कला उतरवून पुढे तुझ्याकडे पाठवायचं ठरलं तर मधे किमान चार तास ठेव. इमिग्रेशन पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होतं. बॅगा मुंबईला ‘थेट सॅन फ्रान्सिस्को’ लावलेल्या असल्या तरी पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि बाहेर पडल्यावर पुन्हा द्यायच्या. हे माहीत नसलेले आजी-आजोबा बॅगा मागे सोडून पुढे जातात. अबू धाबीमार्गे आले तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि इथे ते देशातल्या प्रवाशांसारखे बाहेर पडतात. पण मग अबू धाबीला वेळ जास्त हवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेव, तिचे पैसे पडत नाहीत. तुझे बाबा ‘मी काय म्हातारा झालोय का’ म्हणतील. म्हणू देत. त्यांना सांग, आत्या म्हणाली लांबच लांब कॉरिडॉर आहेत आणि भाषेची अडचण आली तर सोबत माणूस असलेला बरा. माझा भाऊ आहे, माझ्या नावाने सांगितलंस की ऐकेल. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

जवळच्या गावांना विमानाचा हव्यास करू नकोस. माझ्याकडून वॉशिंग्टन दोनशे मैल. विमान सव्वा तासाचं, पण दारापासून दारापर्यंत पाच तास. घराजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनवरून अॅमट्रॅक तीन तासांच्या आत नेते आणि गावाच्या मधोमध सोडते. तुझ्याकडून लॉस एंजेलिस साधारण साडेतीनशे मैल, तिथे गाडी आणि विमान यांत दोनेक तासांचाच फरक. तिघं-चौघं असाल तर गाडीच काढा. हायवेला सम नंबर असेल तर रस्ता पूर्व-पश्चिम, विषम असेल तर उत्तर-दक्षिण. बहुतेक राज्यांत एक्झिटचा नंबर म्हणजे मैलाचाच आकडा. ११० वर असशील आणि १५० ला उतरायचं असेल तर चाळीस मैल. आमच्याकडच्या टर्नपाइक या हायवेवर मात्र नंबर नुसते ओळीने आहेत, तिथे हे गणित लावू नकोस.

तुझी आणि माझी बाजू जोडणारा एक सलग रस्ता आहे, इंटरस्टेट ८०. आमच्या टीनेकला सुरू होतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला संपतो, जवळजवळ २,९०० मैल. गाडीने चार-पाच दिवस लागतील, त्यामुळे तो वरूनच बघ. विमान बरंचसं त्याच पट्ट्यावरून जातं. पश्चिमेला जाताना दिवसाची वेळ असेल तर उजवीकडची खिडकी माग, ऊन डाव्या अंगाला राहतं. आयोवा-नेब्रास्कावर आलीस की खाली जमीन चौकटी आखल्यासारखी दिसेल. १७८५च्या कायद्याने इथली जमीन एकेक चौरस मैलाच्या तुकड्यांत मोजली गेली आणि त्या रेषांवरच शेतांमधले रस्ते निघाले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या दोन शेजारच्या रस्त्यांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी एक मैल. खिडकीची कड रस्त्यावर आली की सेकंद मोजायला लाग आणि पुढच्या रस्त्यावर थांब. पश्चिमेला जाताना आठ-नऊ सेकंद भरतील, परत येताना सहा-साडेसहा. जेट स्ट्रीम डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात, तो असा बोटांवर मोजता येतो. त्या चौकटीत हिरवी वर्तुळं दिसली तर ती फिरत्या नळाने भिजवलेली शेतं. आपल्याकडचे पाहुणे हमखास विचारतात, म्हणून सांगून ठेवलं. पुढे युटामध्ये मोठं खारं सरोवर लागतं आणि त्याला मधोमध चिरत जाणारा रेल्वेचा बांध दिसतो. बांधाच्या उत्तरेचं पाणी जास्त खारं आणि गुलाबी, दक्षिणेचं निळं-हिरवं. तोवर झोपली असशील तर घड्याळ लावून ऊठ.

राहिलं न्यूअर्कला उतरल्यावरचं. मी आता रात्री गाडी चालवत नाही, त्यामुळे अंधार पडल्यावर उतरणार असशील तर माझी वाट बघू नकोस. एअरट्रेनने विमानतळाच्या रेल्वे स्टेशनवर ये. ती बंद असेल तर तिच्या जागी बस असते. एनजे ट्रान्झिटचं मेट्रोपार्कपर्यंतचं तिकीट काढ, एअरट्रेनचे पैसे त्यातच असतात, आणि ते गेटवर दाखवावं लागतं म्हणून बॅगेच्या तळाशी टाकू नकोस. ट्रेन्टनच्या दिशेची गाडी पकड, न्यूयॉर्कची नव्हे. डब्यात बसलीस की फोन कर. तुझे काका घरून निघतील, त्यांना दहा मिनिटं लागतात.